शेवट सांगायचा नाही

“दोन पानं एकदम उलटलीस,” आई म्हणाल्या.

मी म्हटलं, नवं पुस्तक आहे, पानं चिकटलेली असतात.

“मग सोडव की.”

सोडवण्यासारखं काही नव्हतं. त्या दोन पानांत नायक आणि नायिका घाटात बंद पडलेल्या जीपमध्ये अडकले होते आणि लेखिकेने हात अजिबात आखडता घेतला नव्हता. भर दुपारी मागच्या अंगणात बसून, शेजारच्या काकूंच्या गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात, हे सगळं सासूला वाचून दाखवायचं म्हणजे काय असतं ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल. मी घोटभर पाणी प्याले, घसा खाकरला आणि ‘एवढ्यात जीप सुरू झाली’ असं एक वाक्य पदरचं घालून पुढच्या प्रकरणात गेले.

“फार लवकर सुरू झाली,” आई म्हणाल्या. काळ्या चष्म्याखाली त्यांचे ओठ हसत होते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, शालनताई आवटी. मिरजेच्या पोस्टात खिडकीवर बसून त्यांनी उभी नोकरी काढली, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मांडीवर पुस्तक उघडं ठेवून मिळेल ते वाचलं. निवृत्त झाल्यावर तर विचारायलाच नको. त्या वर्षी थंडी सरता सरता त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली. चष्म्याचा नवा नंबर ठरेपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली होती. माणसाला जेवायला बंदी केली तर तो जितका चिडेल तितक्या आई चिडल्या होत्या. आणि नेमकी तेव्हाच त्यांना भिशी लागली.

भिशी पैशांची नव्हे, पुस्तकांची. मिरजेतल्या डझनभर बायकांना गोळा करून आईंनीच ती सुरू केली होती. दर महिन्याला सगळ्यांनी वर्गणी काढायची, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव येईल तिने त्या पैशांतून आपल्या आवडीची नवी पुस्तकं घ्यायची, आणि पुढच्या बैठकीला उभं राहून त्या पुस्तकांबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं. मत काहीही चालेल, पण शेवट सांगायचा नाही. एकदा कुणीतरी रहस्यकथेतला खुनी भर बैठकीत सांगून टाकला होता, तेव्हापासून आईंनी हा नियम केला आणि तो मोडणाऱ्या बाईला पुढच्या महिन्याची सगळी भजी एकटीने तळायची शिक्षा ठेवली.

आईंनी नव्या प्रेमकथा का निवडल्या, त्यालाही कारण होतं. आदल्या बैठकीत बँकेतल्या ऋतुजा कित्तूरने भीत भीत सांगितलं की मला हल्लीच्या प्रेमाच्या कादंबऱ्या आवडतात. त्यावर निवृत्त मुख्याध्यापिका देसाईबाई म्हणाल्या, असलं वाचायचं एक वय असतं आणि ते तुझंही गेलं. ऋतुजा पस्तिशीची, लग्न न झालेली. तिचं तोंड उतरलं. आईंना ते सहन झालं नाही. न वाचता नावं ठेवायची नाहीत, असं त्यांनी देसाईबाईंना तिथल्या तिथे सुनावलं, आणि स्वतःची चिठ्ठी निघाल्यावर मला हाताला धरून पुस्तकाच्या दुकानात नेलं. दुकानदाराला म्हणाल्या, गेल्या वर्षभरात आलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्या काढ, आणि तोंडी लावायला एक प्रवासाचं आणि एक खुनाचं पुस्तक दे.

मग रोज दुपारी जेवण झालं की आमचं वाचन सुरू व्हायचं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, सकाळची पाळी संपवून दोनच्या आत घरी यायचे. आई आरामखुर्चीत, मी पायरीवर. पुस्तकांची नावं आईंच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी स्वतःच नावं ठेवली. कॉफीवालीत नायिकेचं पुण्यात कॉफीचं दुकान होतं. आईंचं म्हणणं, एवढ्या जाड पुस्तकात त्या बाईने एकदाही कप विसळलेला नाही, हिचं दुकान सहा महिन्यांत बंद पडणार. फोनवालीत दोघं सगळा वेळ एकमेकांना निरोप पाठवत होते. त्यावर आई म्हणाल्या, ह्यांना समोरासमोर बसवून चहा दिला असता तर दहा पानांत काम झालं असतं. लंडनवाल्याचा त्यांना विशेष राग. हा माणूस सारखा विमानतळावर असतो, काम कधी करतो, पोस्टात असता तर पहिल्याच आठवड्यात मेमो हातात पडला असता. प्रवासाच्या पुस्तकातला गृहस्थ बर्फाच्या डोंगरावर जाताना घरी सांगून गेला होता की नाही, हे त्याने शेवटपर्यंत लिहिलं नाही म्हणून त्या अस्वस्थ. खुनाच्या पुस्तकातला खुनी त्यांनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला, आणि मला शेवटचं पान बघून खात्री करायला लावली.

पण नुसती खोड काढायची असा त्यांचा स्वभाव नव्हता. कॉफीवालीतलं भांडण ऐकताना त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, “रुसवा खरा लिहिलाय हं. माणूस असाच रुसतो. भलत्याच गोष्टीवरून.” फोनवालीतला मुलगा हॉस्पिटलात पडला तेव्हा त्यांनी काळा चष्मा काढून डोळे टिपले, आणि मी रागावले तेव्हा म्हणाल्या, डॉक्टरांनी वाचायला बंदी केलीय, रडायला नाही.

मी हे सगळं हसत हसत सांगतेय, पण त्या दिवसांत माझं मन थाऱ्यावर नव्हतं. आईंचा मुलगा, माझा नवरा शिरीष, काविळीने गेला त्याला सहा वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं. तेव्हा माझा भाऊ जतहून मला न्यायला आला. आईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, तिला विचार, तिला वाटेल तसं होईल. मी राहते म्हटलं. पुढचे कित्येक दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तेव्हा आई दुपारी शेजारी बसून मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. काय वाचत होत्या ते मला आज आठवत नाही, त्यांचा आवाज आठवतो. पुढे लॅबच्या कोर्सला त्यांनीच माझं नाव घातलं. मी आज जी उभी आहे ती त्या बाईंनी उभी केली म्हणून, आणि हे मी कुणालाही, कुठेही सांगेन.

आमच्या लॅबच्या समोरच सुहास मगदूमचं चष्म्याचं दुकान होतं. चाळिशीचा, अबोल, वडिलांच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलेला माणूस. माझ्या चष्म्याचा स्क्रू सारखा ढिला व्हायचा. तो इतक्या वेळा ढिला कसा होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. शेवटी जानेवारीत तोच बोलला. स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता म्हणाला, “मला तुमच्याशी लग्न करावंसं वाटतं. तुम्ही विचार करून सांगा. माझी घाई नाही, धारवाडच्या ताईची आहे.” ताई पाडव्याला येणार होती, एक स्थळ घेऊन. तोवर माझं उत्तर कळलं नाही तर त्याला तिचं ऐकावं लागणार होतं.

माझं उत्तर मला माहीत होतं. अडचण आईंची होती. मी गेले तर त्या घरात त्या एकट्या उरणार. विचारलं तर त्या नको म्हणणार नाहीत, हेही मला पक्कं ठाऊक होतं. आतून कितीही तुटलं तरी हसून हो म्हणतील, माझी बॅगसुद्धा भरतील. म्हणूनच विचारायची सोय नव्हती. रोज दुपारी मी त्यांना दुसऱ्यांची प्रेमं वाचून दाखवत होते आणि स्वतःचं गिळत होते.

अशात राहिलेलं शेवटचं पुस्तक हातात घेतलं. ते मधाचं पुस्तक. सुरुवातीला सांगितलेली जीप त्यातलीच. नायिका मृणाल डोंगरातल्या एका गावात खाणावळ चालवते. घाटात मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा केदार तिच्याकडे जेवायला येतो. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणात कळलं की मृणाल विधवा आहे आणि ती सासूजवळ राहते. माझा आवाज तिथेच चिरकला. आईंनी विचारलं, सर्दी झाली का? मी हो म्हणाले.

पुस्तक फार चांगलं होतं, हेच वाईट होतं. आई एकेक वाक्य कान देऊन ऐकत. मृणालची सासू त्यांना पटली होती. केदारबद्दल म्हणाल्या, ह्याच्या हाताला काम आहे, हा टिकेल. मृणाल त्याला उत्तर द्यायचं टाळते तेव्हा “बोल की गं बाई” म्हणून खुर्चीच्या दांड्यावर थाप मारायच्या. आणि मी पुस्तकात मान खुपसून वाचत राहायची.

शेवटचं प्रकरण मी लॅबमध्येच आधी वाचून घेतलं. त्यात सासूला सगळं कळतं. ती मृणालला जा म्हणते, स्वतः तिची बॅग भरते, लग्न होतं. दुपारी ते पान समोर आलं आणि मला वाचवेना. हे मोठ्याने वाचायचं म्हणजे पुस्तकाच्या तोंडून जायची परवानगी आईंकडे मागितल्यासारखं झालं असतं. मी डोळे पानावर ठेवले आणि मनचं वाचू लागले. मृणालने केदारला दारातच हात जोडले. म्हणाली, माझं घर हेच आहे, माझी आई हीच आहे, तुम्ही पुन्हा येऊ नका. केदार पेट्या घेऊन घाट उतरून गेला. मृणाल सासूच्या पायाशी बसली आणि दोघींनी तिन्हीसांजेचा दिवा लावला. वाचताना पानं बरोबर वेळेला एकेक करून उलटायला मी विसरले नाही.

“संपलं?” आईंनी विचारलं.

“संपलं.”

आई उठून आत गेल्या. संध्याकाळभर गप्प होत्या, भाकरीही अर्धीच खाल्ली. मला वाटलं, त्यांना हा शेवट लागला, भिडला. सुनेने थांबावं हीच त्यांच्या मनातली गोष्ट असणार. त्या शांततेनेच माझा निर्णय केला. दुसऱ्या दिवशी मी सुहासला नाही सांगायला दुकानात गेले. तिथे एक आजोबा फ्रेमवरून घोळ घालत बसले होते. सुहास मला बघून म्हणाला, मावशींचा नंबर डॉक्टरांकडून आला, चष्मा सोमवारी घरी आणून बसवतो, तेव्हा दुकानाला सुट्टी असते. आणि जरा थांबून, हलकेच, आपलं नंतर बोलू म्हणाला. माझं नाही तोंडातच राहिलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, चष्मा आला की आई स्वतः वाचणार, आणि त्या पुस्तकावर त्यांचा जीव जडलेला होता.

रविवारी ऋतुजाच्या फ्लॅटवर बैठक होती. आई काळा चष्मा लावून उभ्या राहिल्या. कॉफीवालीपासून सुरुवात करून त्यांनी एकेका पुस्तकाचा असा समाचार घेतला की बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मग त्यांनी देसाईबाईंच्या दिशेला तोंड केलं आणि सांगितलं, ह्या पुस्तकांत पुष्कळ भाबडेपणा आहे, श्रीमंती फार आहे, स्वयंपाक कुणालाच करावा लागत नाही. पण दोन माणसांना एकमेकांजवळ जाताना भीती वाटते ती खरी आहे, आणि ती वाचायला वय लागत नाही. ऋतुजाने खाली बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

“आता राहिलं मधाचं,” आई म्हणाल्या. “सगळ्यांत चांगलं तेच, आणि सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच आलाय. नियम मी केला, आज मीच मोडते. भजी मी तळीन. पण हा शेवट मला बोलायचाय.”

मी कोपऱ्यात बसले होते.

“एवढी शहाणी पोरगी, शेवटाला त्या माणसाला घालवून देते. का, तर म्हणे सासू एकटी पडेल. हा शेवट लेखिकेने लिहिलाय, की तिच्या सासूने लिहून घेतलाय? त्या सासूला कुणी एका शब्दाने विचारलं का? उद्यापासून ती म्हातारी रोज सकाळी सुनेचं तोंड बघणार आणि रोज तिला वाटणार, हे माझ्यामुळे. गोड खाताना वाटणार, माझ्यामुळे. आजारी पडली तर औषध घेताना वाटणार, माझ्यामुळे. असलं प्रेम कुणाला हवंय? मला तर कुणी फुकट दिलं तरी नको.”

त्यांचा आवाज थरथरत होता. मग ऋतुजा गोंधळून म्हणाली, “पण मावशी, ती जाते की. केदारबरोबर. सासूच तिची बॅग भरते.”

“छे.”

“जाते हो,” देसाईबाई म्हणाल्या. “लग्न होतं त्यांचं. म्हणजे, माझ्या पुतणीकडे पडलं होतं ते पुस्तक, मी आपलं सहज चाळलं.”

“शेवटापर्यंत चाळलंत?” ऋतुजाने विचारलं, आणि एकच हशा झाला. देसाईबाई पदराने वारा घ्यायला लागल्या.

त्या हशात आई हसत नव्हत्या. मी जिथे बसले होते तिकडे त्यांनी सावकाश मान वळवली. त्या काळ्या काचांआडून त्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे, पण मला वाटलं, आत्ता त्या मला आरपार बघतायत. एक शब्द त्यांनी उच्चारला असता तर त्या सगळ्या बायकांसमोर मला तोंड लपवायला जागा उरली नसती.

“मग माझ्या प्रतीत पानं कमी असतील,” आई म्हणाल्या. “दुकानदाराला विचारते.” आणि खाली बसून त्यांनी ऋतुजाला शिरा वाढायला सांगितला.

घरी परत येताना माझा दंड धरून त्या चालत होत्या. पाडवा तोंडावर होता, लक्ष्मी मार्केटच्या कोपऱ्यावर साखरेच्या गाठींच्या गाड्या लागल्या होत्या. तिथे गर्दीतून बाजूला झाल्यावर त्यांनी विचारलं, “सर्दी नव्हती ना तुला त्या दिवशी?”

“नव्हती.”

“कोण आहे?”

मी गाठींच्या गाडीकडे बघत राहिले.

“मधमाश्या पाळतो का?”

“चष्मे करतो.”

आई जागच्या जागी थांबल्या. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून कसाबसा बाजूने गेला. “मगदुमांचा सुहास?” त्या म्हणाल्या. “तरीच. ऑपरेशन झाल्यापासून तो उठसूट दुकान टाकून माझे डोळे विचारायला येतोय. मला वाटलं, गिऱ्हाइकाला किती जपतो पोरगा.”

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच कोसळलं. गाठीवाला आमच्याकडे बघायला लागला. आईंनी त्याच्याकडून उगाच एक गाठ विकत घेतली, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी.

“मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही नाही म्हटलं नसतंत.”

“नसतंच म्हटलं.”

“म्हणूनच. मग तुमच्या मनात खरं काय आहे, ते मला कधीच कळलं नसतं.”

आई थोडा वेळ त्या गाठीच्या दोऱ्याशी खेळत राहिल्या. “आता कळलं ना?” त्या म्हणाल्या. “डझनभर बायकांसमोर ओरडून सांगितलं की.”

तो खोटा शेवट वाचल्याचा पश्चात्ताप मला त्यानंतर कधीच झाला नाही. खरा वाचला असता तर आई छान म्हणाल्या असत्या, पुस्तक मिटलं असतं, आणि मी त्यांच्या त्या छानवर आयुष्यभर संशय घेत बसले असते.

मी म्हटलं, तुम्ही एकट्या कशा राहणार?

“मला भीती वाटेल,” आई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू. पहिले काही दिवस रडेनसुद्धा. पण ती माझी भीती आहे, तुझ्या गळ्यात नाही बांधायची. शिरीष गेला तेव्हा तू थांबलीस म्हणून मी जगले, रोहिणी. तेवढं मला पुरलं.”

“मी कुठली थांबले? तुम्ही मला ठेवून घेतलंत.”

“बरं, दोघींनी एकमेकींना ठेवून घेतलं. चल आता, पाय दुखतायत माझे.”

घरी आल्या आल्या त्यांनी मधाचं पुस्तक मागवलं आणि छापलाय तसा शेवट वाचून दाखवायला लावला. मी वाचला. सासू मृणालची बॅग भरते त्या ठिकाणी आई म्हणाल्या, लोणच्याची बरणी ठेवली नाही हिने, लेखिकेला सासूपण माहीत नाही. मग जरा वेळाने, ती जीपची दोन पानंही वाच म्हणाल्या. मी वाचली. शेजारच्या काकू गच्चीत वाळवण गोळा करत होत्या, त्यांचा हात बराच वेळ थांबला होता.

सोमवारी सकाळी मी सुहासला फोन करून हो म्हटलं, आणि आईंना माहीत आहे हेही सांगितलं. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. इतकी वर्षं लोकांना चष्मे घालणारा माणूस, पण त्या दिवशी चष्म्याची एक काडी त्याने आईंच्या कानाऐवजी अंबाड्यात खुपसली. आईंनी ती स्वतः नीट केली. आधी त्याच्याकडे बघितलं, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग माझ्याकडे. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. म्हणाल्या, वाळलीस गं, मला दिसतच नव्हतं.

जवळचं दिसतं का ते बघायला सुहासने अक्षरांचा पुठ्ठा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि मधाचं पुस्तक घेऊन शेवटचं पान उघडलं. बोट ओळीवर ठेवून त्या मोठ्याने वाचू लागल्या.

“‘मग सासू त्या माणसाला म्हणाली, न्यायची तर ने हिला. पण दर महिन्याला भिशीच्या रविवारी इथे आणून सोडायची, आणि संध्याकाळी न्यायला येशील तेव्हा जेवून जायचं. ती वाचत बसली असेल तर मध्ये हाक मारायची नाही. आणि तिचा आवाज कधी चिरकला, तर सर्दी समजून गप्प बसायचं नाही. जवळ बसून विचारायचं. मी एकदा चुकले.’”

मी कप खाली ठेवले. आदल्या दिवशीच मी ते पान वाचलं होतं. त्या डोंगरातल्या गावात भिशी कुठून येणार?

“असं लिहिलंय त्यात?” सुहासने विचारलं.

“छापलंय,” आई म्हणाल्या, आणि पुढे पान नव्हतं तरी उलटल्यासारखं करून त्यांनी पुस्तक मिटलं.

“मग पाळावं लागेल,” तो म्हणाला.

लग्नानंतर सुहासने ते पुस्तक आणून वाचलं. एरवी वर्तमानपत्राच्या पुढे न जाणाऱ्या माणसाने दोनदा वाचलं, शेवटचं प्रकरण तर तिसऱ्यांदाही. ती वाक्यं कुठे सापडली नाहीत, असं तो मला बोलला नाही, आईंना तर नाहीच नाही. पण आई होत्या तोवर भिशीचा एकही रविवार त्याने चुकवला नाही. आजही माझा आवाज जरा चिरकला की तो हातातलं काम ठेवतो आणि जवळ येऊन बसतो.